बांबू तोडण्याआधी यंदाच्या काठ्यांना रंग लावावा: ठाणे जिल्ह्यातील टोपली-सुपाच्या बांबूसाठी ऑक्टोबर ते जानेवारीचा कृषी सल्ला

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बांधावरची व ओढ्याकाठची बांबूची बेटे पाहताना एकच गोष्ट वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा दिसते. ज्या बेटातून टोपल्या, सुपे आणि हारे विणण्यासाठी दरवर्षी पुरेशा काठ्या निघत असत, ते बेट चार-पाच हंगामांत मधोमध दाटून वाळक्या काठ्यांचा गुंता होऊन बसते आणि कडेला अंगठ्याएवढ्या जाडीच्या काड्यांपलीकडे काही उगवत नाही. खत कमी पडले असे समजून शेतकरी दुकानाची पायरी चढतो. प्रत्यक्षात त्या बेटाची कोवळी पिढी दरवर्षी कोयत्याखाली गेलेली असते.

असे का होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. नवा कोंब जमिनीतील कंदापासून बेटाच्या बाहेरच्या कडेला फुटतो. पावसाळ्यात वर आलेली काठी दोन-तीन महिन्यांतच आपली पूर्ण उंची आणि जाडी गाठते. त्यानंतर ती जाड होत नाही, केवळ आतून पक्की होत जाते, आणि म्हणूनच जाडीवरून काठीचे वय सांगता येत नाही. तोडणारा मजूर मधल्या गुंत्यात शिरत नाही. तो कडेची, हाताला सहज लागणारी, सरळ व हिरवीगार काठी आधी घेतो, आणि तीच नेमकी यंदाची असते. पुढील पावसाळ्यातील कोंब मुख्यतः तिच्याच कंदातून यायचा असल्यामुळे एका घावात दोन वर्षांचे नुकसान होते. विणणाऱ्याचाही यात तोटाच आहे, कारण एका पावसाळ्याच्या काठीची कामटी (विणण्यासाठी चिरलेली पट्टी) सुकताना आकसते, वीण सैल पडते आणि महिन्याभरात सुपातून पीठ गळू लागते.

यावरचा उपाय अत्यंत स्वस्त आहे. मात्र तो आत्ताच करावयाचा आहे. यंदाची काठी ऑक्टोबरमध्ये डोळ्यांनी ओळखता येते. तिच्या खालच्या पेरांवर तपकिरी आवरणे अजून चिकटलेली असतात, सालीवर पांढरी भुकटी असते आणि खालच्या गाठींना फांद्या क्वचितच असतात. दुसऱ्या वर्षी आवरणे गळून रंग गर्द होतो. तिसऱ्या वर्षापासून सालीवर दगडफुलासारखे करडे डाग चढतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यास खणखणीत आवाज येतो. जानेवारी उजाडेपर्यंत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातील फरक इतका पुसट होतो की अनुभवी माणूसही फसतो. म्हणून पाऊस उघडताच, पुढील दोन-तीन आठवड्यांत, बेटाभोवती फिरून यंदाच्या प्रत्येक काठीवर छातीच्या उंचीला ऑइल पेंटचा चार बोटे रुंद पट्टा ओढावा. त्याआधी ती जागा फडक्याने पुसून घ्यावी, कारण भुकटीवर रंग धरत नाही. यंदा पांढरा, पुढील वर्षी लाल आणि त्यापुढील वर्षी निळा असा क्रम ठेवल्यास तिसऱ्या वर्षापासून कोणती काठी तोडायची हे मजुराला विचारण्याची गरजच उरत नाही. जुन्या बेटात पहिली दोन वर्षे वरील खुणांवरच विसंबावे लागेल.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबई-ठाणे परिसरातून सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. परंतु त्यानंतरही दुपारनंतरचे गडगडाटी पाऊस होतात. वीज चमकत असताना बेटात थांबू नये. तोडणीची घाईही करू नये, आणि ही घाई नेमकी याच दिवसांत बाहेरून येते. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठपूजेसाठी ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या भागांत सुपांना व टोपल्यांना मोठी मागणी असते आणि व्यापारी नवरात्रापासूनच गावात फिरू लागतात. ओल्या जमिनीत, रंग न लावलेल्या बेटातून त्या आठवड्यांत झालेली तोड ही वर्षातील सर्वांत महागडी तोड असते. मागणी गाठायचीच असेल तर आधी रंग लावावा आणि मगच जुन्या काठ्या मोजून द्याव्यात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काश्मीरमध्ये विलो नावाच्या झाडाच्या एका वर्षाच्या फांद्या पानगळीनंतर कापून टोपल्या विणतात, असे ऐकून काही जण बांबूही वर्षाच्या वर्षाला कापावा असे सांगतात. विलोचे खोड कापल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फांद्या फुटतात. बांबूची तोडलेली काठी पुन्हा वाढत नाही. त्यामुळे विलोचा नियम बांबूला लावता येत नाही.

तोडणी नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उरकावी. या काळात काठीतील पिष्ट तुलनेने कमी असते. उन्हाळ्यात, नव्या कोंबांच्या तयारीसाठी ते वाढते आणि काठी पोखरणाऱ्या भुंग्याला तेच हवे असते. अमावास्येच्या अलीकडील दिवसांत तोडलेली काठी किडत नाही, असे जुनी माणसे मानतात. मीही शक्य तेव्हा ते पाळतो, तथापि एप्रिलच्या अमावास्येला तोडलेल्या काठीला भुंगा लागलेला मी पाहिला आहे. तिथीपेक्षा महिना पाळावा. विणकामासाठी दोन पावसाळे पूर्ण केलेली काठी घ्यावी. यंदाच्या सर्व काठ्या आणि शक्यतो तेवढ्याच मागील वर्षीच्या काठ्या बेटात राहिल्याच पाहिजेत. एका बाजूने घोड्याच्या नालासारखी वाट काढून मध्ये शिरावे आणि ती बाजू नव्या कोंबांच्या विरुद्ध असावी. घाव जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या लगेच वर घालावा, म्हणजे बुडख्याच्या वाटीत पाणी साचणार नाही.

इतर नेहमीची कामे:
– वाळक्या, मोडक्या काठ्या काढणे.
– बेटाच्या बुडाशी मातीची भर देणे.
– कुजलेले शेणखत व बांबूचाच पाला घालणे.
– फेब्रुवारीपूर्वी भोवतालचे गवत कापून वणव्यासाठी जाळरेषा काढणे.
– जूनमध्ये कोंबांना गुरांपासून कुंपण करणे.

तोडलेली काठी पाल्यासह बेटालाच टेकवून आठवडाभर उभी ठेवल्यास पाने तिच्यातील पाणी व काही पिष्ट ओढून घेतात. त्यानंतर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून सावलीत सुकवावी. ओल्या कामट्यांवर लगेच काम करणाऱ्यांनी विणून झालेली वस्तू चुलीवरच्या धुरात टांगावी. शोभेच्या व घरात ठेवण्याच्या वस्तूंसाठी १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स विरघळवून चिरलेल्या कामट्या तीन-चार दिवस भिजवणे ही मान्य पद्धत आहे. हे द्रावण पावसात धुऊन जाते, म्हणून उघड्यावरच्या वस्तूंना त्याचा उपयोग नाही. धान्य, भाजी किंवा भाकरी ठेवण्याच्या सुपा-टोपल्यांना ते वापरू नये.

भुंगा दिसला की दुकानदार वाळवीचे कीटकनाशक काढून देतो, आणि बेट विरळ झाले की ह्युमिक ॲसिडची बाटली. या दोन्हींनी कोवळ्या तोडीची भरपाई होत नाही. जाड भिंतीच्या बाल्कोवा जातीच्या बांबूची महागडी रोपे टोपलीसाठी म्हणून गळ्यात मारली जात असतील तर आधी गावातील बुरूड किंवा ठाकूर विणकराला एक काठी चिरायला द्यावी. लांब पेराची, सरळ धाग्याची काठी त्याला हवी असते. बाटलीच्या किमतीत अर्धा लिटर रंग आणि एक चांगला कोयता येतो.

भारतीय वन कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येत राहिलेला नाही, त्यामुळे स्वतःच्या शेतातील बांबू विकणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. त्यामुळेच बेट उक्ते, म्हणजे काठ्या न मोजता एकरकमी, देण्याचा मोह वाढला आहे. उक्त्या सौद्यात व्यापारी एका दिवसात कडेपासून मोकळे करत जातो आणि संध्याकाळी आत केवळ म्हातारे बांबू उभे असतात. सौदा काठीच्या संख्येवर करावा, पांढऱ्या पट्ट्याची काठी तुटल्यास तिची किंमत तिप्पट लावण्याची अट व्यवहार ठरवतानाच सांगावी आणि तोडीच्या दिवशी स्वतः बेटाजवळ थांबावे.