डोकं आपटण्याआधी काय झालं, ते लिहा

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना भिंतीवर डोकं आपटायचा. आम्ही त्याला आवरत होतो, पण कारण शोधत नव्हतो.

सुरुवात डॉक्टरांपासून करा. कान, दात, बद्धकोष्ठता, झोप हे सगळं तपासून घ्या. बोलता न येणारं मूल दुखणं असंच सांगतं. आमच्याकडे कान दुखत होता. उपचारानंतर आपटणं निम्म्यावर आलं.

उरलेल्यासाठी वही घ्या. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, त्यानं नेमकं काय केलं, लगेच नंतर आपण काय केलं. ‘चिडला’ असं लिहू नका. ‘चार वेळा कपाळ आपटलं’ असं लिहा. दोन आठवड्यांत आमच्या वहीत एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. अभ्यास पुढे ठेवला की आपटणं, आणि आपटलं की आम्ही अभ्यास उचलायचो. त्याला सुटका हवी होती. इतर मुलांना लक्ष हवं असेल, एखादी वस्तू हवी असेल, किंवा ती संवेदनाच हवी असेल.

मग तीच गोष्ट मिळवण्याचा सोपा मार्ग शिकवा. कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हीच दिशा दाखवली. आम्ही ‘थांबूया’चं चित्रकार्ड दिलं. त्यानं कार्ड दिलं की लगेच थांबायचं, सुरुवातीला प्रत्येक वेळी. कामही छोटं केलं. जुनी वागणूक मध्येच उसळू शकते, तेव्हा कार्ड सोडू नका.

इजा होत असेल तर मात्र घरी प्रयोग नकोत. वर्तनतज्ज्ञ सोबत हवाच.