मानसिक आजारासाठी दवाखाना निवडताना पाटी नको, नोंदणी वाचा

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या दवाखान्यांच्या रस्त्याने पाट्या वाचत गेलं की मनोविकारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, समुपदेशक, माइंड ट्रेनर, संमोहन उपचारक अशी सगळी मंडळी एका रांगेत दिसतात. कायद्याच्या लेखी ती एका रांगेत नाहीत. काहींनी नाव नोंदवल्याशिवाय काम केलं तर तो गुन्हा ठरतो, आणि काहींचं नाव कुठल्याच वहीत नसतं तरी दुकान चालू राहतं. म्हणून 'तुम्ही कशाचे तज्ज्ञ' यापेक्षा 'तुमचं नाव कुठल्या नोंदवहीत आहे आणि नंबर काय' हे विचारा. त्या एका उत्तरातून या माणसाला औषध लिहिता येतं का, आणि उद्या काही बिनसलं तर तक्रार कुणाकडे न्यायची, या दोन्ही गोष्टी कळतात.

ही तपासणी सवडीने करायची. रात्री-अपरात्री माणूस जिवावर उठला असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर कागद बघत बसू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, त्यामुळे तालुक्याचं ग्रामीण रुग्णालयही चालतं. फोनवर बोलायला टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

औषध लिहिणारा डॉक्टर

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. महाराष्ट्रात काम करणाऱ्याचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत हवं. तपासायला प्रिस्क्रिप्शनचा कागद पुरतो. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, शिवाय प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवर छापायचा असतो. अलीकडच्या क्रमांकात वर्ष, महिना आणि अनुक्रम तिरप्या रेघांनी तोडलेला असतो. जुन्या डॉक्टरांचा नुसता पाच आकडी असतो.

तो क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाका आणि तीन गोष्टी बघा. नाव जुळतं का, नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, आणि एमबीबीएसच्या पुढे मनोविकारशास्त्राची पदवी नोंदलेली आहे का. तिसऱ्या गोष्टीकडे लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. नोंदणी खरी असते, डॉक्टर खरा असतो, पण जादा पात्रतेचा रकाना रिकामा असतो. अशा डॉक्टरने झोपेची गोळी लिहिली म्हणून तो बोगस ठरत नाही. पाटीवर मात्र त्याने स्वतःला मनोविकारतज्ज्ञ म्हणवू नये. मुदत बघायची कारण नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी डॉक्टरला शिक्षणाचे ३० गुण जमवावे लागतात. मुदत नुकतीच संपलेली दिसली तर लगेच बोंब मारू नका, कागद प्रक्रियेत असू शकतो. दोन-चार वर्षं उलटून गेली असतील तर सरळ विचारा.

नाव सापडत नसेल तर शोधण्याची पद्धत बदला. लेडी डॉक्टरांची नोंदणी पुष्कळदा माहेरच्या नावाने असते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडे-तिकडे झालं तरी यादी कोरी येते. उदगीर, देगलूर, बिलोली पट्ट्यातली माणसं बिदर, निजामाबाद, हैदराबादला जातात. तिथल्या डॉक्टरची नोंद कर्नाटक किंवा तेलंगणाच्या कौन्सिलात असणार. त्यासाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावरची देशभराची नोंदवही बघा. महिन्यातून एकदा दुसऱ्या शहरातून येऊन मेडिकलच्या वरच्या खोलीत ओपीडी चालवणाऱ्यांचं तर आवर्जून बघा, कारण पुढच्या महिन्यात ते नाही आले तर तुमच्या हातात तेवढा क्रमांकच उरतो.

आयुर्वेद किंवा होमिओपॅथीत मानसरोगाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांनाही २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक मानलं आहे. त्यांच्या कौन्सिली वेगळ्या: महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथी. याच कायद्याचं कलम १०६ सांगतं की आपल्या शाखेबाहेरचं औषध किंवा उपचार कुणी सुचवायचा नाही.

चाचण्या आणि थेरपी करणारा

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये असते. मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे रुग्णालयात देखरेखीखाली काम शिकवणारा दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. ही आतापर्यंतची रुळलेली वाट. आता परिषद नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलते आहे, त्यामुळे तरुण मंडळींच्या पदव्यांची नावं वेगळी दिसतील. कसोटी तीच राहते: अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता होती का, आणि नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत (सीआरआर) आहे का.

इथे दोन घोटाळे नेहमीचे. पहिला 'डॉ.' या दोन अक्षरांचा. विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस नावाआधी डॉक्टर लावतो, ते बरोबरच आहे. पण त्याने ॲल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारख्या गोळ्या लिहून देणं बरोबर नाही. ही औषधं एच-१ यादीत, म्हणजे विक्रीची कडक नोंद ठेवायच्या औषधांत येतात. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि मेडिकलवाल्याला रुग्णाचं व लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरला उतरवून ते तीन वर्षं जपावं लागतं. काही ठिकाणी भलत्याच डॉक्टरच्या सहीचे कोरे लेटरहेड समुपदेशकाच्या खणात पडलेले असतात. ज्या डॉक्टरने तुमचं माणूस पाहिलंच नाही त्याच्या सहीची चिठ्ठी हातात आली, तर ती जपून ठेवा आणि ते औषध घेऊ नका.

दुसरा घोटाळा आरसीआयच्या क्रमांकाचाच. या परिषदेकडे विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ अशा बऱ्याच जणांची नोंद होते. गतिमंद मुलांच्या शाळेसाठी पदविका केलेल्याकडेही खराखुरा सीआरआर क्रमांक असतो. तेव्हा 'आरसीआय नंबर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. त्या क्रमांकापुढे कुठली पात्रता लिहिली आहे ते वाचा. मुलाची बुद्ध्यांक चाचणी किंवा दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अहवाल करून घेताना हे आधीच बघितलेलं बरं. चुकीच्या माणसाचा अहवाल बाजूला ठेवला गेला की फी पुन्हा भरावी लागते आणि सिव्हिलच्या चकरा वेगळ्याच.

विनानोंदणी काम केल्याची शिक्षा किती, तर डॉक्टर म्हणून मिरवणाऱ्याला राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरसीआय कायद्यात कैद तेवढीच, दंड मात्र एक हजार रुपयांपर्यंत. कायदा १९९२ चा आहे, दंडाचा आकडाही त्याच काळातला वाटतो, आणि त्याची भीती किती बसत असेल हे वेगळं सांगायला नको.

मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आणि मनोविकार परिचारिका बहुतेक वेळा रुग्णालयातच भेटतात. परिचारिकेची नोंद नर्सिंग कौन्सिलात असते. शिवाय या दोघांची आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची यादी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने ठेवून जाहीर करायची, असं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ५५ म्हणतं.

समुपदेशक

इथे जमीन भुसभुशीत आहे. एम.ए. झालेला, एका वर्षाची पदविका केलेला आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून प्रमाणपत्र घेतलेला, तिघेही समुपदेशक अशीच पाटी लावतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांना अनुसूचीत घेतलं आहे, पण ती घडी अजून डॉक्टरांच्या नोंदणीसारखी बसलेली नाही. तोवर चौकशी आपणच करायची. पदवी कुठल्या विद्यापीठाची, प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं प्रशिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली, आणि आजार आपल्या आवाक्याबाहेरचा वाटला तर तुम्ही कुठल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता? शेवटच्या प्रश्नाला नाव आणि दवाखाना पटकन सांगणारा माणूस बहुधा कामाचा निघतो. 'गोळ्या बंद करा, मी बघतो' म्हणणाऱ्याकडून उठून या. चालू गोळ्या अचानक तोडल्या की झोप उडते, आजार उसळतो. फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

एखाद्या संघटनेचं सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

व्यसनमुक्ती केंद्र आणि भरती करणारे दवाखाने

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. घरातला माणूस दारू पिऊन मारझोड करतो, घरचे कंटाळलेले असतात, आणि कुणीतरी सांगतं की अमुक केंद्राची गाडी येऊन उचलून नेते. २०१७ च्या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारही मानसिक आजारात धरले आहेत. त्यामुळे अशा रुग्णांना मुक्कामी ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवीच.

दाराशी फ्रेम केलेले कागद असतात. शॉप ॲक्ट लायसन, उद्यम प्रमाणपत्र, धर्मादाय आयुक्तांकडची संस्थेची नोंदणी, एखादं आयएसओ. हे सगळे खरे असू शकतात, पण यातला एकही माणसाला उपचारासाठी कोंडून ठेवायचा परवाना नाही. नर्सिंग होमची नोंदणी असली तरी ती वेगळ्या कायद्याखालची. तुम्हाला बघायचं आहे ते मानसिक आरोग्यसेवा कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र. तात्पुरतं असेल तर ते बारा महिने चालतं, म्हणून तारीख वाचा. कोपऱ्यातली तारीख कुंकवाच्या बोटाखाली किंवा हाराखाली झाकलेली असली तर हार बाजूला करून वाचा. दुसरी खूण कलम ७२ ची: रुग्णांचे अर्ज आणि तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी भागात लावलेला पाहिजे, आणि मंडळाकडे अर्ज करायचा छापील नमुना व फुकट फोन रुग्णाला मिळाला पाहिजे. 'तीन महिने घरच्यांनी फोन करायचा नाही' हा ज्या केंद्राचा नियम आहे, तिथे ही पाटी शोधूनही सापडणार नाही.

भरती करतानाही रीत आहे. रुग्ण तयार नसेल तर आधीच्या सात दिवसांत दोघांनी त्याला वेगवेगळं तपासलेलं हवं, आणि त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. अशी भरती सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे, कारण काहीही सांगोत. विनानोंदणी केंद्र चालवणाऱ्याला पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार, दुसऱ्यांदा २ लाखांपर्यंत आणि पुढे ५ लाखांपर्यंत दंड होतो. अशा ठिकाणी जाणूनबुजून काम करणाऱ्या व्यावसायिकालाही २५ हजारांपर्यंत दंड आहे.

बाहेरची बाधा म्हणून चटके, मार, धुरी देणाऱ्यांची नोंदणी कुठे शोधायची हा प्रश्नच नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली भूत उतरवायच्या नावाने मारहाण करणाऱ्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आहे, आणि तक्रार थेट पोलीस ठाण्यात.

सरकारी वाट धरली तर ही सगळी पडताळणी टळते. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, लातूरचं विलासराव देशमुख, ही सगळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी कोणत्या वारी असते ते मात्र आधी विचारून जा. राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, म्हणून लांब मुक्कामाचा विषय निघाला की मराठवाड्यातल्या माणसाला खासगी केंद्रच जवळचं वाटतं.

तक्रार करायची तर

आधी कागद गोळा करा. प्रिस्क्रिप्शन, पावत्या, फोन-पेचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे निरोप, पाटीचा आणि फ्रेममधल्या प्रमाणपत्रांचा फोटो. उपचाराच्या नोंदींची लेखी मागणी करून त्याची पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने नोंदी द्यायच्या असतात. फार वेळ दवडू नका, कारण नोंदी जपायची सक्ती तीन वर्षांचीच आहे.

डॉक्टरच्या गैरवर्तनाची तक्रार मुंबईला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे. कौन्सिल ताकीद देते किंवा नाव काढते, पैसे मिळवून देत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली फी पाच लाखांच्या आत असेल तर अर्जाला शुल्क नाही. फुकट सरकारी उपचार मात्र तिथे चालत नाहीत. ज्याची कुठेच नोंद नाही अशा समुपदेशकाविरुद्धही हा रस्ता उघडा असतो. पदवी नसताना औषधं देणारा असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. अंगचटीला येण्याच्या, लैंगिक किंवा मारहाणीच्या प्रकाराला कौन्सिलची वाट बघायची नाही, पोलीस ठाणे गाठायचं.

दवाखान्याच्या किंवा केंद्राच्या सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी तिथल्या प्रमुखाला लेखी द्या, तिथे न्याय मिळाला नाही तर पुनर्विलोकन मंडळ, मग राज्य प्राधिकरण. मंडळाकडच्या अर्जाला फी नाही. रुग्ण स्वतः, त्याने नेमलेला प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते, आणि अडलेल्या वेळी आत असलेल्या रुग्णाने फोनवर सांगितलेलंही चालतं. एरवी निकालाला ९० दिवस धरलेले आहेत. ३० दिवसांच्या भरतीलाच आव्हान दिलं असेल तर सात दिवस. अर्जावर रुग्णाचं नाव, भरतीची तारीख आणि केंद्राचा पूर्ण पत्ता हे तिन्ही ठळक लिहा.