कॉलेजच्या इन्क्युबेटरच्या करारावर सही करण्याआधी
कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं कंपनी सेक्रेटरीचं ऑफिस आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, गुळाचे व्यापारी हे माझे जुने क्लायंट. गेल्या काही वर्षांत इंजिनिअरिंगची पोरं-पोरीही यायला लागली आहेत. हातात कॉलेजच्या इन्क्युबेटरचा, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या विभागाचा, करार असतो आणि प्रश्न एकच: "मॅडम, सही करू का?"

माझं उत्तर आता ठरलेलं आहे. तुमचा ग्राहक देशाबाहेरही असू शकतो आणि तुमच्या मालाचा जीव सॉफ्टवेअरमध्ये आहे, असं असेल तर आधी नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या एखाद्या जागतिक कार्यक्रमाचा अर्ज भरा. कॉलेजच्या करारावर सही त्यानंतर, आणि गरज असेल तरच. असं का म्हणते आणि हे करायचं कसं, ते सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा हे बघा की तुम्हाला दर आठवड्याला कोण काय विचारणार आहे. कॉलेजला वरती कळवावं लागतं की किती स्टार्टअप नोंदले, किती पेटंटचे अर्ज गेले, किती कार्यक्रम झाले. त्यामुळे तिथले सर मनापासून मदत करतात, पण विचारतात पेटंटचं आणि पोस्टरचं. वाय कॉम्बिनेटर किंवा टेकस्टार्ससारख्या अमेरिकी कार्यक्रमांत विचारतात, या आठवड्यात किती ग्राहकांशी बोललात आणि किती जणांनी पैसे दिले. कारण साधं आहे. त्यांची कमाई तुमच्या कंपनीची किंमत वाढण्यावरच अवलंबून आहे.

माझ्याकडे एक टीम आली होती. फाउंड्रीतल्या मोल्डिंगच्या वाळूचा ओलावा मोजणारा सेन्सर आणि त्यावर चालणारं सॉफ्टवेअर असं त्यांचं काम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कास्टिंगच्या साच्याची ही वाळू साधारण तीन-चार टक्के ओली लागते. पाणी जास्त झालं की ओतलेल्या धातूच्या उष्णतेनं वाफ होते, कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात आणि माल रिजेक्ट होतो. आपल्याकडे अजूनही बऱ्याच ठिकाणी जाणता मिस्त्री वाळू मुठीत दाबून, गोळा मोडून बघतो आणि पाणी कमी-जास्त करायला सांगतो. कॉलेजात या पोरांचं पोस्टर पहिलं आलं होतं. मग त्यांनी एका जागतिक कार्यक्रमाचा अर्ज भरायला घेतला आणि 'तुमचे वापरकर्ते किती' या रकान्यापाशी थांबली. मी म्हटलं, आज दुपारीच शिरोलीला जा. तिथल्या एका मालकानं ऐकवलं, "वाळू मुठीला कळत्या, यंत्राला काय कळणार?" पण त्याच मालकानं पुढं सांगितलं की रात्रपाळीला जाणता मिस्त्री नसतो आणि रिजेक्शन तेव्हाच वाढतं. झालं, त्यांचा खरा ग्राहक म्हणजे रात्रपाळी. ही गोष्ट कॉलेजात बसून कळली नसती, आणि रात्रपाळी तर जगातल्या प्रत्येक मोठ्या फाउंड्रीत आहे. नुसता अर्ज भरल्यानं एवढं पदरात पडलं. निवड होणं न होणं ही नंतरची गोष्ट.

आता पैसा आणि हिस्सा. कोणाच्या किती टक्क्यांच्या बदल्यात काय मिळतं, हे कागदावर शेजारी-शेजारी मांडा. विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी 2019 साली जे राष्ट्रीय धोरण आलं, त्यात जागा, सोयी, मार्गदर्शन यांच्या बदल्यात संस्थेला 2 ते 9.5 टक्क्यांपर्यंत हिस्सा घेता येईल अशी तरतूद आहे. म्हणजे टेबल, इंटरनेट आणि मार्गदर्शनासाठी पाच टक्के जाऊ शकतात, रोख रक्कम शून्य. वाय कॉम्बिनेटरचा ठरलेला व्यवहार 5 लाख डॉलरचा आहे, म्हणजे चार कोटी रुपयांच्या वर. त्यातले 1,25,000 डॉलर 7 टक्क्यांसाठी. उरलेल्या 3,75,000 डॉलरचा हिस्सा आज ठरत नाही. पुढे येणाऱ्या गुंतवणूकदाराला ज्या सगळ्यात चांगल्या अटी मिळतील, त्याच यांना लागू होतात.

इथं पोरं घाईनं 'सात टक्के' एवढंच वाचतात, म्हणून हिशेब करून दाखवते. समजा पुढच्या गुंतवणूकदारानं तुमच्या कंपनीची कमाल किंमत 1 कोटी डॉलर धरून पैसे दिले. मग 3,75,000 डॉलरचे होतात 3.75 टक्के. सातमध्ये मिळवा: 10.75. साधारण पावणेअकरा टक्के गेले, पण खात्यात चार कोटी आले आणि तुम्हाला ओळखणारी मोठी बिरादरी मिळाली. हा सौदा मला महाग वाटत नाही. पाच टक्के देऊन टेबल घेणं महाग वाटतं. कॉलेजच्या करारात 'संस्थेचा हिस्सा कोणत्याही परिस्थितीत कमी होणार नाही' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर पेन खाली ठेवा. पुढचा गुंतवणूकदार सगळ्यात आधी तेच वाक्य शोधतो.

हिस्सा न घेता पैसे देणारेही आहेत. थील फेलोशिपला वयाची अट 22 पर्यंतची आहे. दोन वर्षांत 2 लाख डॉलर देतात आणि कंपनीत वाटा मागत नाहीत, मात्र कॉलेज सोडावं लागतं. ओयोचे रितेश अगरवाल 2013 मध्ये याच वाटेनं गेले. घरच्यांशी बोलल्याशिवाय हा अर्ज भरू नका, हे मी आई म्हणून सांगते. समाजोपयोगी कल्पना असेल तर हल्ट प्राइझ ही खास विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा आहे, विजेत्या टीमला 10 लाख डॉलर मिळतात. आणि डिग्री पूर्ण करायचीच असेल (माझं मत विचाराल तर करावी) तर वाय कॉम्बिनेटरमध्ये विद्यार्थ्यांसाठी अशी सोय झाली आहे की शिकत असताना अर्ज करायचा, निवड पक्की करून घ्यायची आणि डिग्रीनंतर जायचं.

तिसरी गोष्ट, तुमचं डोकं कुणाच्या मालकीचं. त्याच 2019 च्या धोरणात लिहिलं आहे की संस्थेची साधनं वापरून किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या शोधावर संस्थेचाही हक्क लागतो, आणि अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेच्या सोयी न वापरता केलेलं काम पूर्णपणे करणाऱ्याचं असतं. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि स्टार्टअप हे दोन वेगळे ठेवा. प्रोजेक्टचा विषय दुसरा घ्या. कोड स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या खात्यात, तारखेसह. कॉलेजची लॅब वापरली असेल तर कुठल्या दिवशी काय वापरलं ते वहीत लिहा. कॉलेजचा हक्क निघतच असेल, तर तो किती आणि कशाच्या बदल्यात सुटतो हे प्राचार्यांकडून पत्रावर घ्या. तोंडी 'आपलंच आहे, काळजी नको' यावर थांबू नका. सर बदलतात, ट्रस्टी बदलतात.

अर्ज भरायला पैसे लागत नाहीत. इंग्रजीची भीती मात्र बऱ्याच जणांना वाटते, त्याबद्दल बोलू. वाय कॉम्बिनेटरचा फॉर्म आधीच पूर्ण वाचून घ्या. कंपनी काय करते ते 50 अक्षरांत सांगायचं असतं. आधी मराठीत लिहा: 'फाउंड्रीची वाळू किती ओली ते मोजून रिजेक्शन कमी करतो.' रंकाळ्यावर फिरायला आलेल्या माणसाला हे एका दमात कळलं तर मग इंग्रजी करा. 'कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सर्वसमावेशक व्यासपीठ' असलं काही लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. एक मिनिटाचा व्हिडिओ लागतो. त्यात सगळे संस्थापक दिसले पाहिजेत. पाठ करू नका, कागद वाचू नका. आमच्याकडच्या एका मुलीनं तो माझ्या ऑफिसच्या गच्चीवर मोबाइलवर केला. उच्चार अगदी कसबा बावड्याचे होते, पण प्रत्येक वाक्यात एक आकडा होता. मला तो आजवर बघितलेल्यांत सगळ्यात चांगला वाटला.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर, जेमतेम दहा मिनिटांची. ते मधेच तोडतात, त्याचा राग धरू नका. प्रश्नाचं उत्तर पहिल्याच वाक्यात द्यायची सवय लावा. घरी कुणाला तरी घड्याळ लावून बसवा आणि सारखं तोडायला सांगा. निवड शंभरात एखाद-दुसऱ्याचीच होते, तेव्हा एकाच अर्जावर विसंबू नका. तोवर त्यांचं स्टार्टअप स्कूल आणि सहसंस्थापक शोधून देणारी सोय फुकट आहे, कोल्हापुरात बसून वापरा. पासपोर्ट मात्र आजच काढायला टाका, पोस्टातल्या केंद्रात काम होतं. निवड झाली की सॅन फ्रान्सिस्कोत तीन महिने राहावं लागतं आणि अमेरिकेच्या व्हिसाची तारीख तुमच्या सोयीनं मिळत नाही.

यानंतरचा भाग नीट वाचा, कारण इथं चुकीचा क्रम पुढं फार महागात पडतो. वाय कॉम्बिनेटर भारतीय प्रायव्हेट लिमिटेडमध्ये थेट पैसे घालत नाही. अमेरिका, सिंगापूर किंवा केमन बेटांवर, बहुतेक वेळा अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात, कंपनी काढून भारतीय कंपनी तिच्याखाली आणावी लागते. आणि आपल्या केंद्राच्या सीड फंड योजनेत (कल्पना चालते हे दाखवणारा नमुना करायला 20 लाखांपर्यंत अनुदान) अट अशी की अर्जाच्या वेळी किमान 51 टक्के हिस्सा भारतीय प्रवर्तकांचा हवा आणि कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे एकदा अमेरिकेची कंपनी वर बसली की ही दारं बंद. हा पैसा शिवाय इन्क्युबेटरमार्फतच मिळतो. तसंच केंद्राच्याच निधी-प्रयास योजनेतले 10 लाखांपर्यंतचे पैसे, यंत्र किंवा उपकरण बनवणाऱ्यांसाठी.

त्यामुळे ज्यांच्या कामात लोखंड, सर्किट, साचे आहेत, त्यांना मी वेगळा सल्ला देते: आधी इन्क्युबेटरमार्फत अनुदान घ्या, नमुना उभा करा, मगच परदेशी कंपनीचा विचार करा. त्यासाठी स्वतःच्याच कॉलेजचा इन्क्युबेटर हवा असंही नाही. सीड फंडासाठी एकाच वेळी तीन इन्क्युबेटरकडे अर्ज करता येतो, पुण्या-मुंबईतलेही चालतात. आणि ज्यांचा सगळा ग्राहक कोल्हापूर-सांगलीत आहे, दूध संकलन किंवा ऊसतोडणीचं नियोजन असं काम आहे, त्यांनी अमेरिकेच्या कंपनीच्या भानगडीत पडू नये.

परदेशी कंपनी पोरखेळ म्हणून काढायची नाही. तुम्ही भारतात राहत असाल आणि त्या कंपनीचे शेअर्स तुमच्या नावावर असतील, तर 2022 चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात. बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणूक कळवायचा फॉर्म), वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल, आणि प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता. हा तक्ता राहिला तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो, मग तुम्ही बावीस वर्षांचे का असेना. गल्लीतल्या शाखेत हा फॉर्म क्वचितच येतो. बँकेच्या परकीय चलनाच्या शाखेत जा. परत भारतात यायचं ठरलं तरी फुकट येता येत नाही. ग्रो ही वाय कॉम्बिनेटरमधून गेलेली कंपनी अमेरिकेतून भारतात परतली तेव्हा तिला तिथं सुमारे 1,340 कोटी रुपये कर भरावा लागला. तुम्ही लहान असताना हा विचार करायला काही खर्च येत नाही.

हजेरीचा प्रश्न. 'मॅडम, कॉलेजचे सर आम्हाला सोडणार नाहीत' असं पोरं सांगतात. त्याच 2019 च्या धोरणात विद्यार्थी-उद्योजकाला हजेरीत सवलत देऊन परीक्षेला बसू द्यावं आणि गरज असेल तर सेमिस्टर किंवा वर्षाची सुट्टी द्यावी असं म्हटलं आहे. अर्जात त्या धोरणाचा उल्लेख करा, कार्यक्रमाचं निवडपत्र जोडा, पालकांची सही घ्या आणि पोचेचा शिक्का मारून प्रत जवळ ठेवा.

एक गोष्ट कळकळीनं. नाव 'ग्लोबल' आणि फी मात्र तुमच्याकडून, अशी पत्रं हल्ली पोरांना फार येतात: दुबईत पिच करा, एवढे हजार भरा, ट्रॉफी न्या. खरा कार्यक्रम तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. एका वडिलांनी यासाठी सोसायटीचं कर्ज काढायची तयारी केली होती. फॉर्म माझ्याकडे आणला म्हणून थांबलं.

मुलाखतीनंतर नकार आला तर वाय कॉम्बिनेटर कारण लिहून पाठवतं. ते छापा आणि तुमच्या फाइलमध्ये करारांच्या वर लावा. बॅचेस आता वर्षातून चार असतात, त्यामुळे दुसऱ्या अर्जाला थांबावं लागत नाही. मात्र तोवर त्या कारणावर काम झालेलं हवं. वाळूवाल्या टीमला लिहून आलं की ग्राहक फार कमी आहेत. सध्या ती पोरं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळ्या करतायत, आणि पुढच्या अर्जाचा मसुदा शनिवारी माझ्या टेबलावर येणार आहे.