एरर लाइन २१८ वर आहे ना, मग थेट २१८ वर जा

नोकरीचा तिसराच आठवडा होता, सर्व्हरवरची पायथन स्क्रिप्ट चालेना आणि लॉगमध्ये सिंटॅक्स एरर, म्हणजे कोड लिहिण्यातली चूक, लाइन २१८. कॉलेजमध्ये मी कायम व्हीएस कोड हा एडिटर वापरलेला, तिथे कंट्रोल जी दाबून नंबर टाकला की झालं, इथे एसएसएच करून, म्हणजे आपल्या मशीनवरून सर्व्हरच्या आत गेलं की समोर फक्त व्हिम, टर्मिनलमध्ये कीबोर्डवर चालणारा एडिटर. खालचा ॲरो दाबून धरला, किती पुढे गेलो तेही कळेना कारण लाइन नंबर दिसतच नव्हते. टीम लीड मागून म्हणाली, "अरे एस्केप दाब, कोलन, दोनशे अठरा, एंटर." गेलो की एका सेकंदात!

आता नवीन कोणी आलं की मी पहिल्याच दिवशी हे करून दाखवतो. नंबर दिसायला कोलन सेट नंबर. २१८ टाइप करून कॅपिटल जी दाबलं तरी तिथेच जातं, नुसतं कॅपिटल जी म्हणजे फाइलचा शेवट, स्मॉल जी दोनदा म्हणजे सुरुवात. लॉग लेसमध्ये, म्हणजे फाइल नुसती वाचायच्या कमांडमध्ये, उघडला असेल तर तिथे पण २१८ कॅपिटल जी चालतं. कोलनवाली पद्धत खूप जुनी आहे, बिल जॉयने १९७६ मध्ये व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तो एक्स या लाइन एडिटरवर बेतलेला, तिथे नुसता नंबर दिला की त्या लाइनवर जायचं, म्हणून कुठल्याही जुन्या मशीनवर बिनधास्त वापरा.

पण जायचं सगळे शिकवतात, परत यायचं कोणी सांगत नाही, आणि खरं काम तिथेच असतं. २१८ वर एखादं फंक्शन कॉल केलंय, ते लिहिलंय लाइन ४० वर, तर ४० कॅपिटल जी करून बघून या आणि कंट्रोल ओ दाबा, परत २१८ वर. इथे कोलन ४० करू नका, कारण व्हिमच्या हेल्पमध्येच लिहिलंय की कोलनने मारलेली उडी जंपलिस्टमध्ये, म्हणजे कंट्रोल ओ जिथून परत नेतं त्या उड्यांच्या यादीत, जात नाही, कॅपिटल जीची जाते. मला हे कळायला वर्ष गेलं.

आणि त्या दिवशी २१८ मध्ये काहीच चुकलेलं नव्हतं, २१७ वरचा कंस उघडाच राहिला होता. पायथन ३.१० पासून कंस बंद केला नाही असं सरळ सांगतं, त्याआधीची व्हर्जन्स बऱ्याचदा पुढच्याच लाइनवर बोट ठेवायची. सर्व्हरवर जुनं व्हर्जन असेल आणि लाइन बरोबर दिसत असेल, तर स्मॉल के दाबून एक लाइन वर जा आणि कंस मोजा.