बाळाला घेऊन पहिल्यांदा परदेशी निघताय? या चुका टाळा

निघायच्या आदल्या रात्री आमच्या रत्नागिरीच्या घरी डिंकाच्या लाडवांचा डबा बॅगेच्या वरच ठेवलेला होता. बाळ आठ महिन्यांचं, मी अंगावर पाजत होते, म्हणून सासूबाईंनी मुद्दाम लाडू वळले होते. तेवढ्यात दुबईहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. बाळाला बघायचं सोडून तिने आधी डब्याकडे बोट केलं. "वहिनी, लाडवात खसखस आहे काय गो?"

होती. खोबऱ्याबरोबर मंद भाजून घातलेली, आमच्याकडे घालतात तशीच. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं हा अमली पदार्थांच्या कायद्यातला गुन्हा आहे. सिंगापूरलाही ती चालत नाही. सासूबाईंनी एक शब्द न बोलता डबा उचलला आणि परत फळीवर ठेवला. तो फोन आला नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

आपण म्हणतो, बाळाचं काय, ते कडेवर येईल. कडेवर येतं हे खरं, पण कागदावर तो वेगळा प्रवासी असतो. त्याचे कान वेगळे, पोट वेगळं, भुकेच्या वेळा वेगळ्या. आमच्या आणि ओळखीच्यांच्या ज्या ज्या चुका झाल्या त्या बहुतेक घरातच, निघायच्या आधी काही आठवडे झाल्या होत्या.

आधी तिकीट, मग पासपोर्ट

स्वस्त तिकीट दिसलं की हात शिवशिवतात. पण तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि जिथे व्हिसा लागतो तिथे त्याचा वेगळा व्हिसाही. आईच्या पासपोर्टावर त्याचं नाव चढवून भागत नाही. आणि पासपोर्टाची सुरुवात होते जन्मदाखल्यापासून. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत. नाव ठेवायचं बारशाला, त्यामुळे दाखल्यावर नावाची जागा रिकामी. मग सासरी परत आल्यावर ते राहूनच जातं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि नाव पहिल्या १२ महिन्यांत विलंब शुल्काशिवाय घालता येतं. बारसं झालं की त्याच आठवड्यात भावाला किंवा वडिलांना दाखल्याच्या कामाला पाठवा. दाखला हातात आला की आई-वडिलांची नावं तुमच्या पासपोर्टाशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. दाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टावर दुसरं असेल तर दुरुस्ती आधी करून घ्या. पासपोर्ट केंद्राच्या खिडकीशी ती होत नाही.

अर्जाबरोबर परिशिष्ट ड लागतं, आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र. कोकणात हे विशेष सांगावंसं वाटतं, कारण कितीतरी घरांतला बाप बोटीवर नाही तर आखातात असतो. नवरा बोटीवर चढायच्या आधीच ही सही घेऊन ठेवा. नंतर ती मिळवायची म्हणजे तिकडच्या भारतीय दूतावासातून प्रतिज्ञापत्र आणायची वेळ येते. तुम्ही एकट्याच बाळाला घेऊन नवऱ्याकडे निघाला असाल तर त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्रही जवळ असू द्या. सगळीकडे विचारतात असं नाही, पण विचारलं आणि नसलं तर विमानतळावर दुसरा इलाज नसतो.

लहान मुलाच्या ३६ पानी पासपोर्टाचं शुल्क १,००० रुपये आहे, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सूट. तो पाच वर्षं चालतो.

फोटोचं सांगते. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपण न्यायचा असतो, मागे पांढरं हवं. आम्ही स्टुडिओत दोन चकरा मारल्या. पहिल्या दिवशी बाळ मांडीवर, मागे पांढरा कपडा, आणि फोटोत माझी दोन बोटं. दुसऱ्या दिवशी कपाळावर तीट आणि डोळ्यांत काजळ राहून गेलं होतं. शेवटी घरीच माजघरात खिडकीजवळ जमिनीवर गादी टाकली, तिच्यावर धुतलेली पांढरी चादर ताणून बसवली, बाळाला उताणं ठेवलं. नवरा वर उभा राहून फोन धरून, आणि मी त्याच्या खांद्याजवळ चमच्याने वाटी वाजवत. बाळाने वर बघितलं, तोंड मिटलेलं, दोन्ही डोळे उघडे. पाच मिनिटांत काम झालं. तो फोटो स्टुडिओवाल्याने मापात छापून दिला.

गुटी, औषधं आणि खाऊ

खसखशीचं सांगितलंच. तसंच जायफळाचं. सौदी अरेबियात जायफळावर बंदी आहे, आणि आपल्या बाळगुटीच्या पुडीत हळकुंड, वेखंड, मुरुडशेंगेबरोबर जायफळ असतंच. सहाण आणि गुटी दोन्ही घरी ठेवा. माझं मत विचाराल तर सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटीही नको. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. घरातल्या मोठ्यांना वाईट वाटतं, पण हे प्रेमाने सांगता येतं.

औषधांत सगळ्यात मोठा धोका मात्रेचा. तापाचं पॅरासिटामॉल आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५०. परदेशातल्या बाटलीची तीव्रता आणखी वेगळी असू शकते. नेहमीचा "पाऊण ड्रॉपर" तिथल्या औषधाला लावू नका. इथलीच बाटली न्या, आणि बाळाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव हवं, नुसता ब्रँड नको. विमानात झोप लागावी म्हणून सर्दीचं औषध पाजण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

डॉक्टरांकडे निदान महिना-दीड महिना आधी जा. कुठल्या लसीची तारीख प्रवासात येते ते तेव्हाच कळतं. गोवराची साथ असलेल्या देशात जायचं असेल तर सहा महिन्यांनंतर एक डोस लवकर देता येतो. नऊ महिन्यांचा ठरलेला डोस त्यानंतरही द्यायचा असतो.

नाचणीचं सत्त्व, मऊ भाताची भरड हे घरचं पीठ आमच्या बाळाच्या पोटाला सवयीचं. परदेशात त्याचाच आधार वाटला. पण बिननावाच्या पुडीतली करडी पूड कुठल्याही तपासनिसाला शंकेचीच वाटणार. ती डब्यात भरून त्यावर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणार असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करा, लपवलेल्याला मोठा दंड होतो. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला लागत नाही, प्रवासापुरतं नेता येतं. पिशवी उघडून स्वतःहून दाखवा, वेळ वाचतो.

विमानतळ म्हणजे स्टँड नव्हे

रात्रीच्या गाडीने मुंबईला उतरायचं आणि त्याच दिवशी विमान धरायचं, हा बेत बाळासह करू नका. पावसाळ्यात तर नाहीच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी ठेवतात, आणि घाटात दरड आली की रस्त्याचाही भरवसा नाही. गणपतीच्या दिवसांत तर उभं राहायला जागा मिळणं मुश्कील. एक दिवस आधी मुंबई गाठा, नातेवाइकांकडे मुक्काम करा, बाळाला अंघोळ घाला, झोपू द्या. सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळकडच्यांनी आधी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून सोयीचं विमान मिळतं का ते बघावं. २०२३ च्या जानेवारीत तो विमानतळ सुरू झाल्यापासून त्या पट्ट्याचं अंतर फार कमी झालं आहे.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून कमी भाड्यात जातं. पण प्रवासाच्या मध्येच दोन पूर्ण होत असतील तर परतीला त्याला पूर्ण जागा घ्यावी लागते. पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, तिकीट काढल्या काढल्या फोन करून मागा. वजनाची मर्यादा साधारण १० ते ११ किलो असते, लहान विमानांत तो बहुतेक नसतोच. विमान हवेत हादरायला लागलं की बाळाला त्यातून काढून मांडीवर घ्यावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

कान

बाळ विमानात रडतं ते बहुधा उतरताना. कान आणि घसा जोडणारी नळी बाळांत अरुंद आणि आडवी असते, दाब लवकर सारखा होत नाही. आमची चूक अशी झाली की जेवणाची ट्रे आली तेव्हाच मी त्याला पोटभर पाजलं. तो झोपला, आणि विमान खाली यायला लागलं तसा किंचाळत उठला. प्यायला तयार नाही, भूकच नव्हती. मग नवऱ्याने स्वच्छ करंगळी चोखायला दिली, हळूहळू घोट गिळले गेले आणि रडं ओसरलं. येताना आम्ही शहाणे झालो होतो. उतरण्याच्या अर्धा तास आधी त्याला उठवलं, थोडं भुकेलं ठेवलेलं होतं, आणि चाकं टेकेपर्यंत तो पीत राहिला. सर्दीने कान भरलेला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवाच.

तिथे पोचल्यावर

मे महिन्यात सुट्टी असते म्हणून आखात गाठू नका. आपल्या बाळाला दमट उकाड्याची सवय असते, चाळिशीपलीकडच्या कोरड्या उन्हाची नाही, आणि लगेच मॉलमधल्या थंडीची तर नाहीच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. दुपटी दोन जास्त घ्या.

गाडीत बाळाला मांडीवर धरणं ही आपली सवय. अमिरातीत चार वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत वेगळं बालआसन सक्तीचं आहे, नसल्यास ४०० दिरहम दंड. नातेवाइकांची गाडी न्यायला येणार असेल तरी त्यांना आधी आठवण करा.

दिवसाला एकच ठिकाण ठेवा. जुलाब झाले तर ओआरएसची पाकिटं हाताशी असू द्या. सहा तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल पडलं तर थेट दवाखाना. विमा काढताना बाळाच्या वयाची किमान अट बघून घ्या, कारण काही पॉलिसी अगदी तान्ह्या बाळाला घेत नाहीत.

आणि सामानाचा हिशेब घरच्या दारापर्यंतचा करा. आम्ही विमान उतरेपर्यंतचे डायपर मोजले होते. मुंबईहून रत्नागिरीची रेल्वे सहा-सात तासांची, ती हिशेबातच धरली नव्हती. पनवेलला रात्री शेवटचा डायपर लावला, पुढे दुपट्यांवर काढलं, आणि रत्नागिरी स्टेशनावर भाऊजी घरून सुती लंगोटांची पिशवी घेऊन उभे होते.