करसवलत आणि अनुदान यांतून नवे काही घडते का, हे कसे तपासावे

अर्थसंकल्पात एखादी करसवलत किंवा अनुदान जाहीर झाले की पहिला प्रश्न रकमेचा पडतो. तो बाजूला ठेवून, ही मदत नसती तर ते काम झालेच नसते का, हे आधी विचारावे. तरीही झाले असते, तर तिजोरीतला पैसा गेला आणि कोणाचा तरी नफा तेवढा वाढला.

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत संत्र्याचा रस काढणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणावा. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो. पण काही वेळाने त्यात लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होते आणि तोच रस कडवट होतो. रस काढण्याचे यंत्र बाजारात तयार मिळते. कडवटपणा स्वस्तात घालवण्याची रीत मात्र प्रयोग फसत फसतच सापडते, आणि एकाला सापडली की शेजारच्या चौघांना कळते. खर्च एकाचा आणि लाभ सगळ्यांचा असल्यामुळे उद्योजक इथे हात आखडता घेतो. सार्वजनिक पैशाची खरी गरज नेमकी इथेच असते.

मग पैसा कशावर मिळतो ते पाहावे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले गेले. त्यातून यंत्रे बसतात, रोजगार येतो आणि ते मोलाचेच आहे. पण फसलेल्या प्रयोगाचा भार उद्योजकाच्याच डोक्यावर राहतो.

करवजावटीचे गणित कागदावर मांडावे. मान्यताप्राप्त संशोधन केंद्रावर कंपनीने १० लाखांचा चालू खर्च केला आणि कराचा दर ३० टक्के धरला, तर २०० टक्के वजावटीने, म्हणजे खर्चाच्या दुप्पट रक्कम करपात्र उत्पन्नातून वगळल्याने, ६ लाख रुपये वाचत. एप्रिल २०१७ पासून ही वजावट १५० टक्के आणि एप्रिल २०२० पासून १०० टक्के झाली; बचत ३ लाखांवर आली. तेवढी तर पगार आणि कच्च्या मालाच्या खर्चावरही होते, म्हणजे संशोधनासाठीचे जादा प्रोत्साहन उरलेच नाही. २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा दर २२ टक्क्यांवर आणला गेला. हिशेबाला ते सोपे आहे, पण प्रयोग करणारा आणि न करणारा त्यामुळे एकाच पंगतीत बसतात, आणि हे मला घातक वाटते.

तोट्यातल्या नवउद्योगाला तर वजावटीचा तूर्त काहीच उपयोग नसतो. त्याला रोख मदत लागते, तीही वेळेवर. म्हणून अनुदान हाती पडण्याचा महिना फळांच्या हंगामाशेजारी लिहून पाहावा. ते एप्रिलमध्ये आले, तर आंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास तोडणीला येणाऱ्या, संत्र्यांवरचा प्रयोग तोवर थांबतो.