पात्राला विशेषण नको, काम द्या: नटाच्या तालमीतून कथालेखन

'स्वाभिमानी, तापट, पण मनाने हळवा.' टिपणवहीत पात्राच्या नावापुढे एवढं लिहून झालं की लेखकाला वाटतं, माणूस सापडला. हीच ओळ नटाच्या हातात द्या. तो विचारेल, "बरं, पण मी करू काय?" स्वाभिमानी असणं रंगमंचावर करून दाखवता येत नाही. आलेलं पाकीट न उघडता परत करता येतं. उधारी मागायला आलेल्यावर आवाज चढवता येतो. पोटात काही नसताना "आत्ताच जेवून आलो" असं सांगता येतं. समोर प्रेक्षक बसलेले असतात, म्हणून नटाला काहीतरी करावंच लागतं. लेखकावर ही सक्ती नसते. तो वर्णनावर भागवतो आणि पात्र विशेषणांखाली दबून जातं.

दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींतून जिवंत माणूस कसा उभा करायचा, ही नटाची अडचण. तिच्यावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बरेच उपाय शोधले गेले. लेखकाला तेच उपाय उलट दिशेने वापरता येतात. त्यासाठी कधी नाटकात काम केलेलं असायची गरज नाही. खोलीचं दार लावून घेता आलं पाहिजे, एवढंच, कारण यातलं काही काम उभं राहून आणि मोठ्याने बोलून करायचं आहे.

उदाहरणाला एक माणूस घेऊ. विनायक, वय 52, तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट. रोज संध्याकाळी बाजारपेठेतून फिरतो, दुकानदारांकडून पन्नास-शंभर रुपये घेतो, पावती देतो. संस्था अडचणीत आल्याची कुणकुण त्याला लागली आहे, गावाला अजून लागलेली नाही. तरी आजही तो कलेक्शनला निघाला आहे.

पायरी 1: परिस्थिती पक्की करा

रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्स्की (1863–1938) यांनी नटांसाठी जी पद्धत बांधली, तिच्या पायाशी आहे 'दिलेली परिस्थिती'. कोण, कुठे, केव्हा, कशासाठी आणि याआधी काय घडलं. हे पक्कं झालं की त्यांचा प्रसिद्ध 'जर' येतो: मी या परिस्थितीत असतो तर काय केलं असतं? 'मी विनायक असतो तर' असा हा प्रश्न नाही, कारण तसं विचारलं की आपण लगेच त्याचं सोंग घ्यायला लागतो. 'लोकांनी माझ्या शब्दावर टाकलेले पैसे बुडणार आहेत आणि ते फक्त मला माहीत आहे, अशा वेळी मी काय केलं असतं?' असं विचारलं की उत्तर पोटातून येतं.

इथे एक सापळा आहे. पात्राचा आवडता रंग, रास, शाळेतलं टोपणनाव असे शंभर प्रश्नांचे तक्ते मिळतात. ते भरण्यात संध्याकाळ छान जाते, हाती काही लागत नाही. प्रसंगावर ज्याचा दाब पडतो तेवढाच तपशील ठेवा. विनायकला पगार नाही, कमिशन आहे, म्हणजे आज कलेक्शन थांबवलं तर आजच पोटाला चिमटा. बहुतेक खाती त्याच्या ओळखीवर उघडलेली आहेत. लोक संस्थेचं नाव घेत नाहीत, 'विनायककडे टाकलेत' म्हणतात. त्याच्या विधवा बहिणीची ठेवही तिथेच आहे. इतकं पुरे. त्याला वांग्याची भाजी आवडते की नाही, हे ती त्याच्या पानात पडेल तेव्हा बघू.

सगळ्यांत दुर्लक्षित प्रश्न म्हणजे 'आत्ता कुठून आला?' चांगला नट विंगेत नुसता उभा नसतो. प्रवेशाआधीची दहा मिनिटं तो मनातल्या मनात जगून आलेला असतो. विनायक चहाच्या टपरीवर पोचण्याआधी कुठे होता? संस्थेच्या दारात मॅनेजरने त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं असेल, तर टपरीवर तो वेगळ्या पावलांनी येईल. ही दहा मिनिटं लिहून काढा. कथेत ती घेऊ नका.

पायरी 2: त्याला समोरच्याकडून काय हवंय?

ही पायरी जमली तर बाकीची निम्मी आपोआप जमतात, म्हणून इथे रेंगाळू.

प्रत्येक प्रसंगात प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असतं, वाटेत अडथळा असतो आणि तो ओलांडायला ते काही ना काही डाव टाकतं. तालमीत दिग्दर्शक 'दुःखी होऊन बोल' म्हणाला की नट चेहरा पाडतो, एवढंच होतं. 'तिला थांबवायचा प्रयत्न कर' म्हटलं की नट खरोखर काहीतरी करू लागतो आणि दुःख त्याच्या मागून येतं. लेखनातही तसंच आहे.

मागणी शोधताना 'समोरच्याकडून' हा शब्द विसरू नका. 'विनायकला मनःशांती हवी आहे' हे खरं असेल, पण ती चहाच्या टपरीवर मिळत नाही. 'त्याला आजचे पन्नास रुपये हवेत' हे जरा बरं, तरी वरवरचं. अजून खणलं तर सापडतं: टपरीवाल्या वहिनींनी आज नेहमीसारखंच वागावं, एवढंच त्याला हवंय. त्यांनी काही न विचारता पैसे दिले, तर अजून काही फुटलेलं नाही. पन्नासची नोट म्हणजे त्याच्यासाठी तसा पुरावा. वहिनींना मात्र मुलीच्या फीसाठी जमलेले पैसे काढायचे आहेत आणि सरळ मागायला संकोच वाटतो. आता दोघांना एकमेकांसमोर उभं करा.

"वहिनी, आजचे पन्नास."
"बसा की विनायकभाऊ. चहा टाकते."
"नको, घाईत आहे."
"तुम्हाला कधीपासून घाई व्हायला लागली?"
"मशीनची बॅटरी उतरलीये. बंद पडलं तर पावती निघायची नाही."
"मग उद्या दोन दिवसांचे एकदम देते."
"उद्याचं उद्या. आजचं आज झालेलं बरं."
"बरं, एक विचारायचं होतं..."
"अर्धा द्या, चला. साखर कमी."

विनायक प्रामाणिक आहे की लबाड, हे इथे कुणीच सांगितलेलं नाही. तरी प्रश्न येतोय हे दिसताच मघाशी नाकारलेला चहा त्याने मागून घेतला, हे वाचकाने पाहिलं. वाचक माणूस ओळखतो तो अशा ठिकाणी.

आता समासात प्रत्येक ओळीपुढे एकेक क्रियापद लिहा. नटही आपल्या संहितेवर पेन्सिलीने हेच करतात. हक्काने मागतो, टाळतो, निमित्त काढतो, घाई करतो, तोंड बंद करतो. वहिनींच्या ओळींपुढे: गोंजारतात, चिमटा काढतात, सौदा करतात, विषय काढतात. एकाच पात्राच्या ओळीमागून ओळीला तेच क्रियापद येत असेल तर प्रसंग तिथे रुतला आहे. 'सांगतो', 'समजावतो', 'माहिती देतो' अशी क्रियापदं दिसली की समजा, पात्राच्या तोंडून तुम्हीच बोलताय. एक डाव फसला की माणूस दुसरा टाकतो. संवाद पुढे सरकतो तो त्या बदलामुळे.

सगळ्या प्रसंगांमागे एक मोठी मागणी असते, जिला स्तानिस्लाव्स्की परमोद्दिष्ट म्हणत. ती आधी ठरवलीच पाहिजे असं नाही. चार-पाच प्रसंग लिहून झाले की बहुतेकदा ती आपणहून दिसते.

पायरी 3: बोलणं एकीकडे, म्हणणं दुसरीकडे

रशियन नाटककार अंतोन चेखव यांच्या 'द सीगल' या नाटकाचा पहिला प्रयोग 1896 मध्ये सेंट पीटर्सबर्गला साफ पडला. दोन वर्षांनी नव्याने निघालेल्या मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक केलं आणि ते गाजलं. संहिता तीच होती. फरक पडला तो नटांनी ओळींच्या खाली काय चाललंय ते शोधल्यामुळे: थांबे, अर्धवट सोडलेली वाक्यं, भलत्याच विषयावरच्या गप्पा.

यासाठी सोपा व्यायाम असा. पात्राच्या मनातलं वाक्य आधी उघड लिहा: 'वहिनी, पैसे विचारू नका, माझ्याकडे उत्तर नाही.' मग ते वाक्य बोलायला त्याला बंदी घाला. त्याच क्षणी समोर जी वस्तू आहे तिच्याबद्दलच त्याने बोलायचं. साखर, बॅटरी, पावती. बंदी जितकी कडक, तितका संवाद चांगला. मात्र सगळी कथा अशी लिहिली तर वाचक गुदमरतो. एखाद्या ठिकाणी पात्राला सरळ बोलू द्यावं, आणि ते ठिकाण जपून निवडावं.

पायरी 4: खुर्चीतून उठा

अंतोन चेखव यांचे पुतणे मायकेल चेखव (1891–1955) स्तानिस्लाव्स्कींकडे शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःची वेगळी पद्धत काढली. पात्राची मूळ इच्छा सबंध शरीराने करायच्या एकाच हालचालीत पकडायची, हे तिच्यातलं एक तंत्र. ही हालचाल प्रेक्षकांना दाखवायची नसते. नट ती तालमीत करतो, अंगात मुरवतो आणि मग ओळी म्हणतो.

विनायकसाठी मी निवडेन: दोन्ही हातांनी दार आतून दाबून धरणं. खोलीत खरंच उभे राहा, पाय रोवा, काल्पनिक दार दाबा, आणि वरचे संवाद मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू दे. वाक्यं आखूड होतात, श्वास वर येतो, मान वळवावीशी वाटत नाही. लगेच बसून लिहा. टपरीवर तो बाकावर न बसता खांबाला पाठ लावून उभा राहील, बॅग खांद्यावरून पुढे पोटावर घेईल. हे खुर्चीत बसून सुचलं नसतं असं नाही, पण उशिरा सुचलं असतं.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. प्रसंग लिहून झाल्यावर तपासायला ही चौकट आजही उपयोगी आहे. बहुतेक नवे लेखक वाचिकावर जगतात. पानभर संवाद, आणि माणसांना हात आहेत की नाहीत कळत नाही. आहार्य म्हणजे वेशभूषा-सामग्री. विनायकच्या बाबतीत पावतीचं मशीन, रबरबँड लावलेल्या नोटा, पावसाळ्यात बॅगेवर चढवलेली प्लास्टिकची पिशवी. वस्तू नुसती वर्णनात ठेवू नका, त्याच्या हातात द्या.

सात्त्विक भाव, म्हणजे भावनेमुळे शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, आठ: स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद, वेपथू (कंप), वैवर्ण्य, अश्रू, प्रलय (भान हरपणं). मराठी कथेत यातले अश्रू आणि रोमांच इतके वापरले गेलेत की त्यांना काही वर्षं रजा द्यायला हरकत नाही. स्वरभेद, म्हणजे आवाज बदलणं, आणि वैवर्ण्य, म्हणजे चेहऱ्याचा रंग उतरणं, त्या मानाने कोरेच पडलेत. वहिनींनी "एक विचारायचं होतं" म्हटल्यावर विनायकचा "अर्धा द्या" जरा वरच्या पट्टीत निघाला, एवढं पुरतं.

पायरी 5: स्वतःच्या आठवणी, पण बेताने

नटाने स्वतःच्या आयुष्यातली भावना आठवून ती भूमिकेत आणावी का, यावर मोठं भांडण झालेलं आहे. स्तानिस्लाव्स्कींनी भावनिक स्मृतीवर काम केलं, पण पुढे त्यांचा भर कृतीवर गेला. 1934 मध्ये अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर त्यांना पॅरिसमध्ये भेटल्या आणि परतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरमध्ये तसं सांगितलं. तिथले दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग मात्र भावनिक स्मृतीच्या आपल्या पद्धतीवर ठाम राहिले.

लेखकाने ॲडलर यांच्या बाजूने झुकावं असं माझं मत. स्वतःचं दुःख जसंच्या तसं पात्राला चिकटवलं की पात्र तुमच्यासारखं रडतं आणि त्याचं असं काही उरत नाही. आठवण वापरायचीच तर भावना सोडा, इंद्रियांना काय जाणवलं ते घ्या. कुणापासून काही लपवताना तोंड कोरडं पडलं होतं का? भिंतीवरचं कॅलेंडर उगाच वाचत बसला होतात का? तेवढंच उचला.

पायरी 6: न्यायाधीशाच्या खुर्चीवरून खाली या

निळू फुले यांचे पाटील-सरपंच आठवा. प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला हा माणूस पडद्यावर आला की लोक धास्तावत. त्यांचा खलनायक 'मी वाईट आहे' असं कधी दाखवत नसे. गावातलं सगळं आपलंच आहे, ही त्याची समजूत इतकी सहज असे की त्याला आवाज चढवायचीही गरज पडत नसे.

पात्राचा वकील होऊन अर्धं पान लिहा, प्रथमपुरुषी: 'मी कलेक्शन थांबवलं तर उद्या सकाळी संस्थेच्या दारात रांग लागेल, आणि रांग लागली की संस्था बुडालीच. म्हणजे मी फिरतोय म्हणून ती तग धरून आहे.' हे वाचून तुम्हालाच क्षणभर पटलं पाहिजे. पटलं नाही तर तो अजून तुमचा आरोपी आहे. छोट्या पात्रांनाही ही सवलत द्या. चहा आणून देणाऱ्या पोऱ्यालाही त्या मिनिटात काहीतरी हवं असतं, निदान मॅच बघायला मोबाइल तरी.

पायरी 7: नक्कल उतरवा

जुन्या नाटक कंपन्यांत नटाला सबंध नाटक मिळत नसे. त्याच्या वाट्याची भाषणं आणि आधीच्या नटाच्या ओळीचे शेवटचे शब्द, एवढंच उतरवून दिलं जाई. या उतरवलेल्या प्रतीला नक्कल म्हणत. कथेचा खर्डा तयार झाला की एकेका पात्राची अशी नक्कल काढा: त्याचे संवाद, त्याच्या कृती, बाकी सगळं गाळून. मग ती सलग, मोठ्याने वाचा. शक्य असेल तर मित्राला वाचायला द्या आणि कथा सांगू नका.

दोन पात्रांच्या नकला सारख्याच लयीत वाचल्या गेल्या तर दोघं एकाच तोंडाने बोलताहेत. एखादं पात्र पानोपानी फक्त होकार देत असेल, तर त्याला काढून टाकता येतं का बघा. एखाद्या जागी पात्राने आधीच्या मागणीशी न जुळणारं काही केलं असेल, तर घाईने दुरुस्त करू नका. कधी ती चूक असते, कधी तिथे एक नवी मागणी लपलेली असते. पायरी 1 मध्ये लिहिलेली दहा मिनिटं काढून त्या जागेशी ताडून पाहा. उरलेल्या ज्या ओळींत पात्र कुणाकडे काहीच मागत नाही, त्यांच्यावर पेन्सिलीने खूण करा आणि पुढचा खर्डा त्या खुणांपासून सुरू करा.